अडवायचं तर नाव घेऊन अडवा: अँटी-चीट बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पीसी गेम बनवणारे स्टुडिओ, अँटी-चीट लिहिणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे सपोर्ट विभाग यांस

विषय: गेम सुरू होण्याआधीच अडवला जातो, कारण मात्र सांगितलं जात नाही, याबाबत

सप्रेम नमस्कार.

‘प्ले’ दाबलं की अँटी-चीटची, म्हणजे गेममधली फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरची, छोटी पाटी येते, पट्टी भरत जाते आणि मध्येच एक चौकट उघडते. ‘लाँच एरर’, पुढे एक आकडा, खाली ‘ओके’. ओके दाबलं की चौकटही गेली आणि गेमही. त्यानंतर खेळाडू अँटीव्हायरस बंद करतो, अख्खा गेम काढून पुन्हा डाउनलोड करतो, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलतो आणि शेवटी वैतागून विंडोजच नव्याने टाकतो. इतकं करून खरा दोष निघतो तो पंख्याचा वेग दाखवणाऱ्या एखाद्या टूलने मागे ठेवलेल्या, काही केबींच्या ड्रायव्हर फाइलचा.

चीटर नकोत, यावर आपलं एकमत आहे. अँटी-चीटने कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसावं की नाही, हाही या पत्राचा विषय नाही. मुद्दा एकच आहे. तुमचं सॉफ्टवेअर गेम अडवतं तेव्हा कशामुळे अडवलं हे बहुतेक वेळा त्याला ठाऊक असतं. फाइलचं नाव, तिचं फोल्डर, विंडोजने परत दिलेला कोड, सगळं त्याच्या हाताशी असतं. खेळाडूच्या हाती मात्र त्यातला आकडाच पडतो, तोही अर्धा.

या आकड्यांपासूनच सुरुवात करू. बॅटलआय हे अँटी-चीट ‘ड्रायव्हर लोड एरर’ (ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये चढणारा छोटा प्रोग्राम) लिहून कंसात जो आकडा देतं, तो बॅटलआयचा नसून विंडोजचा स्वतःचा एरर कोड असतो. ५७७ म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलवरची डिजिटल सही विंडोजला पडताळता आली नाही. १२७५ म्हणजे विंडोजने तो ड्रायव्हर चढूच दिला नाही. ईझी अँटी-चीट या दुसऱ्या अँटी-चीटच्या ३०००५ सोबत बऱ्याचदा ‘क्रिएटफाइल फेल्ड विथ ३२’ असं येतं. हा ३२ म्हणजे ती फाइल दुसऱ्या कुणीतरी आधीच धरून ठेवली आहे. १०५८ आला तर अँटी-चीटची सर्व्हिस (मागे चालणारा तिचा भाग) ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेली आहे, आणि विंडोज हलकं करण्याच्या नावाखाली दिसेल ती सर्व्हिस बंद करणाऱ्या स्क्रिप्ट चालवल्या की हे हमखास होतं. चार आकडे, चार वेगळी दुखणी, चार वेगळे उपाय. तुमच्या सपोर्टचं उत्तर मात्र चौघांना एकच: ॲडमिन म्हणून चालवा, अँटीव्हायरस बंद करा, गेम पुन्हा टाका.

खरे उपाय तुमच्या पानावर असायला हवे होते. ते नाहीत, म्हणून इथे लिहितो. ५७७ आला तर ड्रायव्हरची फाइल खराब झालेली किंवा अर्धवट बदललेली असण्याची शक्यता मोठी असते. गेमच्या फोल्डरात बॅटलआय नावाचं फोल्डर असतं आणि त्यात इन्स्टॉल व अनइन्स्टॉल अशा दोन बॅच फाइली असतात. आधी अनइन्स्टॉल ॲडमिन म्हणून चालवायची. मग ‘प्रोग्राम फाइल्स एक्स८६’मधल्या ‘कॉमन फाइल्स’मध्ये बॅटलआयचं फोल्डर उरलं असेल तर ते पुसायचं, मशीन रीस्टार्ट करायची, स्टीममधून गेमच्या फाइली व्हेरिफाय करायच्या आणि मग गेम उघडायचा. ३०००५ आणि ३२ ही जोडी आली तर ‘प्रोग्राम फाइल्स एक्स८६’मधल्या ईझीअँटीचीट फोल्डरातली ‘डॉट सिस’ फाइल पुसायची किंवा तिचं नाव बदलायचं. गेम पुढच्या वेळी उघडताना ती नव्याने टाकली जाते. पुसता येत नसेल तर ती अजून कुणीतरी धरलेली आहे, म्हणजे आधी रीस्टार्ट. १०५८ साठी ‘सर्व्हिसेस’ उघडून ती सर्व्हिस ‘मॅन्युअल’वर आणली की काम भागतं. तिथे पुन्हा डाउनलोडचा संबंधच येत नाही.

ईझी अँटी-चीटबद्दल एक वेगळी तक्रार आहे. जुन्या सेटअप फाइलवर डबल क्लिक केलं की ‘रिपेअर सर्व्हिस’ असं लिहिलेलं बटण समोर यायचं. एपिक ऑनलाइन सर्व्हिसेसबरोबर येणाऱ्या नव्या आवृत्तीत नुसत्या डबल क्लिकने काही होत नाही, कारण तिला कमांडसोबत ‘इन्स्टॉल’ हा शब्द आणि त्या गेमचा प्रॉडक्ट आयडी द्यावा लागतो. तो आयडी गेमच्या ईझीअँटीचीट फोल्डरातल्या सेटिंग्ज फाइलमध्ये ‘प्रॉडक्टआयडी’ या नावापुढे लिहिलेला असतो. अनेक सपोर्ट पानं आजही त्या जुन्या बटणाचंच चित्र दाखवतात. खेळाडू बटण शोधत बसतो आणि आपल्याच मशीनमध्ये काही बिघडलंय असं समजतो.

आता मुख्य गोंधळ. ‘कॉन्फ्लिक्ट’ या एका शब्दाखाली दोन उलट्या गोष्टी येतात. एक म्हणजे विंडोज किंवा सुरक्षा सॉफ्टवेअर तुमच्या ड्रायव्हरला अडवतं (वरचा १२७५ यातलाच). दुसरी म्हणजे तुमचा ड्रायव्हर दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरला पाहून गेम अडवतो. पहिल्यात अँटी-चीट अपडेट करायचं असतं, दुसऱ्यात ते दुसरं टूल काढायचं असतं. चौकटीवरून यातलं कुठलं घडलं हे कळायला मार्ग नाही, आणि उपाय उलटा केला तर दुखणं जैसे थे राहून वर नवं जडतं.

पहिल्या प्रकाराचा पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, कोडइंटिग्रिटी, ऑपरेशनल असं आत जायचं. गेम ज्या मिनिटाला बंद पडला त्या मिनिटाची नोंद पाहायची. अडवलेल्या फाइलचं पूर्ण नाव तिथे असतं. तिथे काही नसेल तर ‘सिस्टीम’ लॉगमधल्या सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नोंदी बघायच्या. सर्व्हिस किंवा ड्रायव्हर सुरू झाला नाही तर तिथे ७००० किंवा ७०२६ क्रमांकाने नोंद पडते. दोन मिनिटांचं काम आहे, पण सपोर्टच्या उत्तरांत याचा उल्लेख अभावानेच सापडतो.

दुसरा प्रकार जास्त बोलण्यासारखा आहे. तापमान दाखवणारी, पंखे हलवणारी, आरजीबी दिवे रंगवणारी, ओव्हरक्लॉक करणारी टूल्स हार्डवेअरपर्यंत पोचायला एक छोटा ड्रायव्हर वापरतात. त्यातला सर्वांत पसरलेला म्हणजे विनरिंगझीरो. त्यातल्या दोषाला २०२० सालचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक) आहे, आणि मार्च २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरही त्याला धोकादायक म्हणून पकडू लागला. आरटीकोअर६४ या ओव्हरक्लॉकिंगच्या ड्रायव्हरमधला दोष २०१९ मध्ये नोंदला गेला. दोघांचं दुखणं एकच: साध्या परवानगीचा कुठलाही प्रोग्राम त्यांच्यामार्फत कर्नलच्या मेमरीत हात घालू शकतो. चीट लिहिणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं. त्यामुळे तुम्ही हे ड्रायव्हर अडवता ते योग्यच आहे, त्यावर आमचं काही म्हणणं नाही.

पण मग ‘बॅकग्राउंड ॲप्स बंद करून बघा’ असं का सांगता? टूलची खिडकी बंद केली म्हणून त्याचा ड्रायव्हर उतरतोच असं नाही. अनेकदा टूल अनइन्स्टॉल केल्यावरही तो सर्व्हिस म्हणून नोंदलेला राहतो. तो शोधायचा तर ‘एमएसइन्फो३२’ हे मशीनची माहिती दाखवणारं विंडोजचं टूल चालवायचं, सॉफ्टवेअर एन्व्हायर्नमेंटमधली सिस्टीम ड्रायव्हर्सची यादी उघडायची आणि ‘स्टार्टेड’ या रकान्यात ‘येस’ असलेले ड्रायव्हर पाहायचे. ज्यांचा पत्ता विंडोजच्या सिस्टीम३२मधल्या ड्रायव्हर्स फोल्डराबाहेरचा आहे, तिथून शोध सुरू करायचा. गुन्हेगार सापडला की ते टूल नीट काढायचं किंवा त्याची नवी आवृत्ती घ्यायची, आणि मग रीस्टार्ट.

रीस्टार्टच, शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नल पूर्ण बंद करत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवतं आणि मशीन चालू केल्यावर तीच परत उचलतं. म्हणजे ‘मशीन बंद करून चालू केली, तरी तेच’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा जुना ड्रायव्हर खरोखर तिथेच असतो. व्हॅलोरंट गेमच्या व्हॅनगार्ड या अँटी-चीटसारखा ड्रायव्हर तर बूट होतानाच चढतो, त्यामुळे तिथे हा फरक आणखी महत्त्वाचा.

नाव सांगता येत नाही, असं कृपया म्हणू नका. २०२० मध्ये व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड आलं आणि त्याने पंखे व तापमानाच्या टूल्सचे ड्रायव्हर अडवायला सुरुवात केली, तेव्हा बराच आरडाओरडा झाला. त्यानंतर ट्रेमध्ये आयकॉन आला, आणि काही अडवलं तर तशी सूचना दाखवण्याची सोयही. ईझी अँटी-चीटचा ‘अनट्रस्टेड सिस्टीम फाइल’ हा एररही फाइलचा पूर्ण पत्ता देतो. म्हणून तर तो सोडवणं सोपं जातं. थीम बदलणाऱ्या टूलने सिस्टीमची फाइल पॅच केलेली असते. आधी विंडोजच्याच दुरुस्ती कमांडपैकी डिस्मचं ‘रिस्टोअरहेल्थ’, मग एसएफसीचं ‘स्कॅननाउ’ चालवलं, रीस्टार्ट केलं, की बहुधा मिटतं. क्रम हाच ठेवायचा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाइल आणतं, तो साठा आधी डिस्म दुरुस्त करतं.

‘कारण सांगितलं तर चीटर शहाणे होतील’ हे तुमचं नेहमीचं उत्तर. मॅच चालू असताना काय पकडलं, कुठल्या खुणेवरून पकडलं, हे गुप्त ठेवा. ते समजू शकतं. पण लाँचच्या वेळी होणारी तपासणी वेगळी असते. सिक्युअर बूट (बूट होताना सही पडताळलेलंच सॉफ्टवेअर चढू देणारी सोय) बंद आहे, टेस्ट साइनिंग (चाचणीपुरत्या सहीचे ड्रायव्हर चढू देणारी सूट) चालू आहे, अमुक नावाचा सदोष ड्रायव्हर चढलेला आहे, यात गुपित कसलं? चीट विकणारा माणूस तुमचा ड्रायव्हर डीबगरखाली उघडून हे केव्हाच वाचून बसलेला असतो. अंधारात राहतो तो गेम विकत घेतलेला खेळाडू.

आता सिक्युअर बूटकडे येऊ, कारण सध्या सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंट आधीपासूनच सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (एन्क्रिप्शनच्या कीज जपणारं सुरक्षा मॉड्यूल) मागतं, आणि व्हॅन ९००१ किंवा ९००३ हे एरर त्यातूनच येतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ ने पीसीवर सिक्युअर बूट सक्तीचा केला, नोव्हेंबरमध्ये आलेल्या ब्लॅक ऑप्स ७ ने टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागितले. मागा. पण सपोर्टच्या उत्तरात ‘बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट ऑन करा’ एवढंच एक वाक्य लिहून मोकळं होणं बेजबाबदारपणाचं आहे. त्या वाक्यापायी चालू मशीन बूट होईनाशी होते.

सुरुवात बायोसपासून नव्हे, बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनपासून करायला हवी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सिक्युअर बूट किंवा टीपीएमला हात लावल्यावर पुढच्या बूटला ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोजच्या होम आवृत्तीतही मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू झालेलं असू शकतं, त्यामुळे ‘मी बिटलॉकर लावलंच नाही’ हा भ्रम ठरू शकतो. आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती की काढून दुसऱ्या उपकरणावर किंवा कागदावर घ्यायची. मग संरक्षण ‘सस्पेंड’ करायचं. तोवर बायोसचं नाव काढायचं नाही.

मग एमएसइन्फो३२ मध्ये ‘बायोस मोड’ पाहायचा. ‘लेगसी’ असेल तर थांबायचं, कारण सिक्युअर बूटला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं, आणि विंडोज यूईएफआयमध्ये बूट व्हायला डिस्क जीपीटी या पार्टिशनच्या नव्या पद्धतीची लागते. लेगसी मशीनची बूट डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची असते. विंडोजसोबतच येणारं एमबीआर२जीपीटी हे टूल डेटा न पुसता ती बदलू शकतं. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा लॉजिकल पार्टिशन असेल तर ते नकार देतं. म्हणून आधी बॅकअप, मग ‘व्हॅलिडेट’, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’. चालू विंडोजमधून करायचं तर दोन्ही वेळा ‘अलाउफुलओएस’ हा पर्याय जोडावा लागतो. हे झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी बूटची सोय) बंद करायचं. कुणी उलट क्रमाने केलं तर मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणते. घाबरायचं कारण नाही, सीएसएम पुन्हा चालू केलं की जुनी स्थिती परत येते. फार जुन्या ग्राफिक्स कार्डात यूईएफआयमध्ये चित्र दाखवणारा जीओपी फर्मवेअर नसतो, तिथे सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहते. अशा मशीनवर गेम चालणार नाही, हे तुम्ही विक्रीआधी सांगायला हवं.

सगळं केलं, बायोसमध्ये ‘एनेबल्ड’ दिसतंय, तरी एमएसइन्फो३२ म्हणतं ‘सिक्युअर बूट स्टेट: ऑफ’. हे कोडं वारंवार पडतं. बहुधा बोर्डवर सह्या पडताळण्याच्या कीज भरलेल्याच नसतात. बायोसमध्ये ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ किंवा ‘इन्स्टॉल डिफॉल्ट कीज’ असा पर्याय असतो, मोड ‘स्टँडर्ड’ ठेवून तो निवडायचा, सेव्ह करायचं, पुन्हा बूट करून तपासायचं. टीपीएमसाठी बायोसमधली नावं वेगळी असतात: एएमडीवर एफटीपीएम, इंटेलवर पीटीटी. आणि एएमडीच्या मशीनवर बायोस अपडेट केल्यावर ‘एफटीपीएम रीसेट करायचा का’ असा प्रश्न आला, तर हातात रिकव्हरी की असल्याशिवाय ‘वाय’ दाबायचं नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटने जाहीर केलं की काही नामांकित कंपन्यांच्या मदरबोर्डमध्ये बूटच्या सुरुवातीला आयओएमएमयूचं (जोडलेल्या उपकरणांना मेमरीत परस्पर हात घालू न देणारं) संरक्षण लागू झाल्याचं दिसत होतं, प्रत्यक्षात ते पूर्ण लागू होत नव्हतं. त्यावर उपाय बायोस अपडेट. म्हणजे खेळाडूने सगळी बटणं बरोबर दाबली तरी तो अडकू शकतो. अशा वेळी ‘तुमचं सेटिंग चुकलंय’ हे उत्तर किती टिकतं?

व्हर्च्युअलायझेशनबाबत तुमचा आपापसातला मेळ तर आणखीच अजब आहे. जुन्या गाइडमध्ये सांगतात की गेमला मशीन व्हर्च्युअल वाटते, म्हणून बीसीडीएडिट या बूट सेटिंगच्या कमांडने ‘हायपरव्हायझरलाँचटाइप’ ऑफ करा. नवी अँटी-चीट सांगतात की मेमरी इंटिग्रिटी (कर्नलमधला कोड तपासणारं विंडोजचं संरक्षण) चालू ठेवा. मेमरी इंटिग्रिटीला तोच हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) लागतो. दोन गेम खेळणारा माणूस दर आठवड्याला हे बटण इकडून तिकडे करत बसतो, आणि ऑफ केल्यावर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) का बंद पडलं हेही त्याला कळत नाही. बीसीडीएडिटमध्ये खरं पाहायचं ते दुसरंच असतं: ‘टेस्टसाइनिंग’पुढे ‘येस’ आहे का. असेल तर ते ऑफ करून रीस्टार्ट. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी अक्षरं दिसत असतील तर तपासायचीही गरज नाही.

अँटीव्हायरस पूर्ण बंद करायला सांगणंही थांबवा. प्रोटेक्शन हिस्टरीत तुमची फाइल क्वारंटाइन झालेली दिसली तर ती परत आणून त्या एका फोल्डरापुरती सूट द्यायची, एवढंच पुरतं.

तुमचे ड्रायव्हर कधी चुकत नाहीत असंही नाही. २०१९ मध्ये बॅटलआयच्या जुन्या आवृत्त्यांमुळे मायक्रोसॉफ्टने अनेक मशीनवर विंडोज १० चं १९०३ अपडेट रोखून धरलं होतं. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटच्या वेळी तेच ईझी अँटी-चीटबाबत घडलं: इंटेल अल्डर लेक किंवा त्यानंतरचा व्हीप्रो प्रोसेसर आणि एप्रिल २०२४ च्या आधीचा ड्रायव्हर एकत्र आले की निळा स्क्रीन. ड्रायव्हर गेमसोबत येतो, त्यामुळे वर्षभर न उघडलेल्या एखाद्या गेमचा जुना ड्रायव्हर तसाच पडून असतो. सहा गेम असलेल्या माणसाने कुठला जुना ते कसं ओळखायचं? ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने दाखवून दिलं की गेन्शिन इम्पॅक्टचा सही केलेला ड्रायव्हर रॅन्समवेअरवाले अँटीव्हायरस मारायला वापरत होते, आणि त्यासाठी मशीनवर तो गेम असण्याचीही गरज नव्हती. तेव्हा दुसऱ्यांच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवताना आपलाही तपशील उघडा ठेवा.

म्हणून आमची मागणी. लाँच अडवला की चौकटीत अडवलेल्या फाइलचं नाव आणि पत्ता द्या, विंडोजचा कोड जसाच्या तसा द्या, आणि कुणी कुणाला अडवलं हे एका वाक्यात लिहा. शेजारी ‘कॉपी करा’ असं बटण आणि लॉगचं फोल्डर उघडणारं दुसरं बटण ठेवा. लाँच अडवणं म्हणजे बॅन नव्हे, आणि यामुळे खात्यावर काही नोंद होत असेल तर ती काय, हेही तिथेच लिहा. भीतीपोटी कित्येक जण दुसऱ्यांदा गेम उघडूनच पाहत नाहीत. गेम काढला की तुमची सर्व्हिस आणि ड्रायव्हरही काढा. दुसऱ्या गेमला ती लागत असेल तर त्या गेमचं नाव सांगून ठेवा.

आणि विक्रीआधी तपासणी द्या. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर कर्नल अँटी-चीट असेल तर ते गेमच्या पानावर सांगावंच लागतं. त्याच जागी सिक्युअर बूट, टीपीएम, यूईएफआय आणि मेमरी इंटिग्रिटी यांतलं काय लागतं ते लिहा, आणि गेम न घेता चालवता येईल असं एक छोटं तपासणी टूल ठेवा. लिनक्सवाल्यांसाठी ‘चालतो’ किंवा ‘चालत नाही’ एवढंही पुरे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोन्ही २०२१ पासून प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालू शकतात, पण परवानगी द्यायची की नाही हे स्टुडिओ ठरवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये एपेक्स लेजंड्सने केलं तसं आधी चालणारा गेम मध्येच बंद करणार असाल, तर निदान घेतलेल्यांना आधी कळवा.

यातलं चौकटीतलं नाव आणि कोड पुढच्या पॅचमध्ये येऊ शकतात. तपासणी टूलला वेळ लागेल, ते समजू शकतो. पॅचची वाट पाहतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
गेम उघडण्याच्या खटपटीत इतरांना मदत करणारे काही खेळाडू